एकशेचौदाची चाल

“काका, अजून एकदा चालता का? एकशेचौदावरच. मघाशी बहुतेक मीच बटण उशिरा दाबलं.”

बाईंनी बटण अगदी वेळेवर दाबलं होतं. तालेवारांनी ते चालता चालता डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं होतं. तरी “चालतो की,” म्हणत ते पुन्हा कॉरिडॉरच्या टोकाला, खिडकीपाशी जाऊन उभे राहिले आणि आपल्या उजव्या पायाला मनातल्या मनात बजावलं, बाबा रे, या खेपेला तरी वेळेवर ये.

रविवारची सकाळ होती. डोळ्यांच्या हॉस्पिटलची नवी इमारत अजून सुरू व्हायची होती. तिसऱ्या मजल्यावर रंगाचा वास कोंडला होता, दारांच्या मुठींना प्लॅस्टिक तसंच होतं. चाचणीसाठी लिफ्ट बंद ठेवली होती, एसी बंद होता, आणि वॉचमनला तासभर जिना चढू नकोस म्हणून सांगून ठेवलं होतं. ऑपरेशनच्या खोलीत जमिनीवर काडेपेटीएवढ्या तीन डब्या मेणाने चिकटवलेल्या होत्या. त्यांच्या वायरी बाईंच्या लॅपटॉपला जोडलेल्या. बाई दाराशी मांडी घालून बसल्या होत्या, श्वाससुद्धा बेताने घेत. मजला किती हलतो ते मोजायचं, तर एकाच माणसाने हलायचं असतं. तो माणूस म्हणजे तालेवार.

हे त्यांचं आडनाव नव्हे. ऑफिसात पडलेलं नाव. खिशाने तालेवार असण्याचा काही संबंधच नव्हता; ते तालेवार होते ते पायांनी. मिनिटाला एकशेवीस म्हटलं की एकशेवीस, एकशेआठ म्हटलं की एकशेआठ. घड्याळ नको, टिकटिक करणारं यंत्र नको. तरुणपणी आठ वर्षं ते एका कारखान्यात पायाने दाबायच्या मशीनवर बटणांना भोकं पाडत होते, तिथून हा ठेका पायात बसला तो बसलाच. पुढे साहेबांनी इमारतींच्या कंपनाचा अभ्यास करणारं छोटं ऑफिस काढलं, तेव्हा तालेवार तिथे यंत्रांची खोकी उचलायला लागले. एकदा चालायला ठरवलेला माणूस आला नाही म्हणून साहेबांनी यांना उभं केलं, आणि कागदावरची रेघ पाहून म्हणाले, “अहो, तुम्ही माणूस आहात का शिवणयंत्र?” त्याला सत्तावीस वर्षं झाली. तेव्हापासून तालेवार चालत होते. वाचनालयांतून, दुकानांतून, नाचाच्या हॉलमधून, पादचारी पुलांवरून. मुलगी लहान असताना शाळेत तिला विचारलं, वडील काय करतात? ती म्हणाली, “बाबा चालतात.” कुठे? “दुसऱ्यांच्या जमिनीवर.” हा किस्सा त्यांची बायको अजून सांगते.

तर ते निघाले. डावा, उजवा, डावा, उजवा. एकतीस पावलांचा कॉरिडॉर. पहिली सहा-सात पावलं सुरेख पडली. मग उजवा पाय एका निमिषाने मागे राहिला. पुढचं पाऊल त्याची भरपाई करायला घाईने पडलं. त्यानंतर ताल सापडला, पुन्हा सुटला. बघणाऱ्याला काहीच कळलं नसतं. एक साठीला टेकलेला माणूस रिकाम्या कॉरिडॉरमधून चालतोय, एवढंच. पण तालेवारांच्या मानेवर घाम आला होता. गेले चार महिने हा पाय असा करत होता. आधी त्यांनी चपलेला दोष दिला, मग गुडघ्याला, मग वयाला. आता दोष द्यायला काही उरलं नव्हतं.

“एकोणीस,” बाई आतून म्हणाल्या. त्यांच्या आवाजात आनंद होता आणि आनंदाला चिकटलेली थोडी शंकाही. “मघाशी अठरा. कंपन पंचवीसच्या खाली हवं होतं, काका. पास झाला की मजला!”

“चांगलंच झालं,” तालेवार म्हणाले.

“चांगलं तर काय... पण माझ्या गणिताने साठ यायला हवं होतं.”

बाई तिशीच्या. तीन वर्षांपूर्वी ऑफिसात आल्या. नकाशे हातात पडले तेव्हाच त्यांनी सांगितलं होतं, की हा मजला लांब गाळ्याचा, दूरदूरच्या खांबांवर पेललेला आहे, हलका आहे, आणि खालच्या मजल्यावरच्या भिंती काढून तिथे मोठा प्रतीक्षाकक्ष केलाय. कोणी नेमक्या वेगाने चाललं की हा थरथरणार. साध्या खोलीत त्याने काही बिघडत नाही. मजला पडत तर मुळीच नाही. पण इथे डॉक्टर सूक्ष्मदर्शकाखाली डोळा कापणार. तिथे केस दोरखंडाएवढा दिसतो. बाहेरून एक नर्स झपझप गेली आणि ते सगळं चित्रच हललं तर? साहेब तेव्हा हसले होते, “तुमचं गणित भित्रं आहे हो.” बाईंनी हट्ट धरला म्हणून ही चाचणी ठरली.

तालेवारांना गणित येत नसे, पण त्यातलं मर्म त्यांना पायांनी कळलं होतं. भरलेली बादली घेऊन चालताना पावलं आणि पाणी एका लयीत आलं की पाणी काठावरून उसळतं, तसंच. जरा अडखळत चालावं, पाणी निमूट राहतं. हा मजला सेकंदाला साधारण पावणेसहा वेळा हलणारा. एकशेचौदाच्या चालीत प्रत्येक पावलागणिक तो बरोबर तीनदा हलतो, आणि दर पाऊल त्याला आणखी रेटा देतं. म्हणूनच एकशेचौदा. पण पाऊल चुकलं की रेटा चुकला. मजला उसळायचा राहून जातो. बाईंच्या गणिताप्रमाणे साठ यायला हवं होतं, आणि एकोणीस आलं होतं.

हे त्यांना डब्या सोडवून खोक्यात ठेवतानाच लख्ख कळलं. हातातली डबी त्यांनी दोनदा चुकीच्या खाचेत बसवली. बाई वायर गुंडाळत स्वतःशीच पुटपुटत होत्या, “कुठे चुकले असेन मी?” आणि तालेवारांना म्हणायचं होतं, तुम्ही नाही हो. पण त्यांनी खोक्याचं झाकण लावलं. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस. शिक्षण बेताचं. कामाचं अंग एकच, ते म्हणजे पाय. ते गेलेत असं आपल्याच तोंडाने कसं सांगायचं?

घरी आल्यावर ते जेवले नाहीत. बायको दुपारी जरा आडवी झाली तशी बादलीत पाणी घेऊन ते गच्चीवर गेले. ऊन होतं, सिमेंट कोरडं ठणठणीत. त्यांनी दोन्ही तळवे पाण्यात बुडवले आणि या कठड्यापासून त्या कठड्यापर्यंत चालत गेले, एकशेचौदाने. मग वळून पाहिलं.

डाव्या पायाचे ठसे छापल्यासारखे होते, पाचही बोटं वेगळी. उजव्या पायाचा प्रत्येक ठसा पुढे फरफटलेला, कुंचला ओढावा तसा. आणि दोन ठशांमधलं अंतर कुठे वीतभर जास्त, कुठे कमी. ते तसेच बघत उभे राहिले. ठसे उन्हाने कडेकडेने वाळत होते. त्यांना वाटलं, वाळून जाऊ देत एकदाचे.

“किती दिवस चाललंय हे?”

बायको जिन्याच्या दारात उभी होती. तिने कपाळावर हात आडवा धरला होता.

“काय?”

“मला काय विचारताय? उजव्या चपलेचं टोक झिजलंय, डावी नवी दिसते. शर्टाची बटणं लावायला तुम्हाला इतका वेळ लागतो की माझा चहा दोनदा गरम करून होतो. मी आंधळी नाही.”

“अगं, वय झालं आता...”

“वय माझंही झालंय. मी नाही पाय ओढत.” ती जवळ आली. ओल्या ठशांवर पाय पडू नये म्हणून ती कडेने आली, हे त्यांच्या लक्षात आलं. “डॉक्टरकडे चला.”

“जाऊ. एकदा हे हॉस्पिटलचं काम संपू दे.”

“त्या कामाचा आणि याचा काय संबंध?”

तेव्हा त्यांनी तिला सांगितलं. एकोणीस आणि साठ, बादली आणि पाणी, सगळं. ती कठड्याला टेकून ऐकत राहिली. तिने उपदेश केला नाही, की धीरही दिला नाही. फक्त एक प्रश्न विचारला, “त्या खोलीत डोळे कापणार ना?”

“हो.”

“हं,” ती म्हणाली, आणि बादली उचलून खाली गेली.

सोमवारी तालेवार ऑफिसात पोचले तेव्हा साहेबांच्या केबिनचं दार अर्धवट उघडं होतं. ते यंत्रांचं कपाट लावत होते. कपाट दाराला लागूनच.

“मला पुन्हा एकदा चाचणी घ्यायची आहे, सर,” बाईंचा आवाज.

“कशासाठी? पास झालाय ना?”

“एसी बंद होता. चालू ठेवून बघायला हवं.”

“एसीचे पंखे रबरावर बसवलेत, त्याने काय होणारे? तुम्हीच लिहून दिलंय तसं.” साहेब हसले. “अहो, कबूल करा ना, या खेपेला गणित फसलं. होतं असं. मी ट्रस्टींना काय काय ऐकवून ही चाचणी करवून घेतली, माहितीय? तुमच्या एका शंकेपायी उद्घाटनाच्या पत्रिका प्रेसमध्ये अडकल्या होत्या. आता पुन्हा गेलो तर ते आपल्याला दारातसुद्धा उभं करणार नाहीत.”

“सर, रेघेमध्ये... पावलांच्या नोंदीत थोडी विस्कळीत...” बाई अडखळल्या. “एसीमुळे असेल. म्हणून म्हणते.”

“बंद असलेल्या एसीमुळे?”

मग साहेब जरा चढ्या आवाजात म्हणाले, “रिपोर्ट उद्या दुपारपर्यंत पाठवा. आणि पुढच्या कामाचं गणित आधी मला दाखवत जा.”

कपाटाशी उभ्या तालेवारांना कळून चुकलं. बाईंना ठाऊक होतं. रविवारीच रेघ पाहून त्यांच्या ध्यानात आलं असणार. यंत्राने मजल्याचं कंपन नोंदलं तसं त्यांच्या प्रत्येक पावलाची वेळही नोंदली होती; गच्चीवर जे उन्हात वाळून गेलं ते तिथे जसंच्या तसं होतं. आणि तरी ही मुलगी, आपल्या मुलीहून चार वर्षांनी लहान, खरं कारण सांगत नव्हती. पोरकट सबबी सांगून बोलणी खात होती, कारण खरं सांगितलं तर तालेवारांच्या पोटावर पाय आला असता.

त्या दिवशी बाई त्यांच्याशी नेहमीसारख्याच बोलल्या. जरा जास्तच नेहमीसारख्या. चहाच्या वेळी म्हणाल्या, “काका, बरं आहे ना सगळं?” ते म्हणाले, “अगदी.” दोघांनीही कपाकडे पाहिलं.

संध्याकाळी घरी जाताना रस्ता ओलांडायच्या जागी हिरवा दिवा लागला आणि त्यांचा पाय उचलेचना. जणू कोणी खालून धरून ठेवला. मागची माणसं त्यांना वळसा घालून पुढे गेली, एकाने वळून पाहिलं. दिवा तांबडा झाला, पुन्हा हिरवा झाला. तेव्हा त्यांनी मनात मोजलं, एक, दोन, आणि दोनवर पाय सुटला. घरी पोचेपर्यंत ते मोजत राहिले. थांबलो तर पुन्हा सुरू होणार नाही, अशी भीती त्यांच्या मानगुटीवर बसली होती.

मंगळवारी अकराच्या सुमारास ते केबिनमध्ये गेले. बाई तिथेच रिपोर्टचे कागद घेऊन बसल्या होत्या.

“साहेब, तो रिपोर्ट पाठवू नका.”

“आता तुम्हीही?” साहेबांनी चष्मा काढला. “या बाईंनी शिकवून पाठवलंय का?”

“त्यांचा काही संबंध नाही. त्यांचं गणित बरोबर आहे. मी नीट चाललो नाही.”

“म्हणजे?”

“म्हणजे एकशेचौदा पडलं नाही. कधी एकशेदहा, कधी एकशेवीस. उजवा पाय वेळेवर येत नाही माझा. चार महिने झाले.” हे सगळं त्यांनी एका दमात सांगितलं, रात्रभर तोंडपाठ केलेलं असल्यासारखं. “मजला पास झालेला नाही, साहेब. मी नापास झालोय.”

साहेबांनी चष्मा पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. रागवावं की कसं, हे त्यांना कळत नव्हतं. सत्तावीस वर्षांत या माणसाने कधी सुट्टी लांबवली नव्हती.

“तालेवार,” ते हळू म्हणाले, “तुम्हाला कळतंय ना तुम्ही काय बोलताय? चालणं गेलं, तर मी तुम्हाला ठेवू कशावर?”

“ते नंतर बघू. आधी त्यांना कळवा.”

“आणि नुसतंच तुम्हाला तसं वाटत असलं तर? माणसाला वाटतं कधी कधी. यंत्राने नोंदलंय, एकोणीस.”

तालेवार बाईंकडे वळले. “दाखवा त्यांना. तुम्ही पाहिलंय ते.”

बाईंचा चेहरा लाल झाला. त्यांनी कागदांच्या तळातून एक कागद काढला. त्यावर नुसते उभे काटे होते, एकेका पावलाचे, आणि त्यांच्यातली अंतरं डोळ्यांनाही विषम दिसत होती. कागद टेबलावर ठेवताना त्या तालेवारांकडे न बघता म्हणाल्या, “मला तुम्हाला आधी विचारायचं होतं, काका. धीर झाला नाही.”

“मलाही कुठे झाला होता?” तालेवार म्हणाले.

साहेबांनी कागद बराच वेळ पाहिला. मग फोन उचलला. समोरून ट्रस्टींनी काय काय ऐकवलं ते कळलं नाही, पण साहेब अधूनमधून “हो”, “चूक आमची”, “उद्या सकाळी” एवढंच म्हणत होते आणि त्यांचे कान तापलेले दिसत होते.

बुधवारी सकाळी सात वाजता पुन्हा तोच कॉरिडॉर. पण आज तिथे पाच माणसं होती. साहेब, बाई, तालेवार, तोंड पाडून बसलेला हॉस्पिटलचा मॅनेजर, आणि एक ठेंगण्या, पांढऱ्या केसांच्या डॉक्टरीणबाई. त्या खोलीत हात चालणार होते ते त्यांचे. त्या एका स्टुलावर बसून सगळ्यांकडे शांतपणे बघत होत्या.

चालायचं कोणी, हा प्रश्न होता. साहेबांचं पोट आणि गुडघे दोन्ही त्या कामाचे नव्हते. मॅनेजर म्हणाला, मला ते ठेक्यात चालणं वगैरे जमणार नाही. शेवटी बाईंनी बूट घट्ट बांधले. लॅपटॉपशी साहेब बसले.

पहिल्या खेपेला बाई फोनवरची टिकटिक ऐकत चालल्या. तेवीस आलं. मॅनेजरचा चेहरा उजळला. “बघा! पंचवीसच्या आत आहे.”

“टिकटिक ऐकून मग पाऊल टाकताय तुम्ही,” तालेवार बाईंना म्हणाले. “ऐकेपर्यंत उशीर होतो. ठोका पडायच्या आधी पाऊल निघालेलं हवं. तो फोन बंद करा.”

“मग कळणार कसं?”

“मी सांगतो ना.”

ते भिंतीला टेकून उभे राहिले. उजवा हात त्यांनी पाठीमागे घेतला होता, कारण तो गेले दोन दिवस आपल्या मनाने हलत होता. डाव्या हाताने त्यांनी मांडीवर थाप दिली. एक. दोन. एक. दोन. पाय गेले होते, पण ताल कुठे गेला नव्हता. तो पायात नव्हताच मुळी, आत कुठेतरी होता. त्यांनी डोळे मिटले. “नुसतं माझ्या हाताकडे लक्ष द्या. मोजू नका. खांदे सैल सोडा. हं, आता निघा.”

बाई निघाल्या. सहा पावलं, दहा पावलं. तालेवारांचा हात पडत होता आणि त्याच क्षणी पाऊल पडत होतं, दोन्हींचा एकच आवाज. पंधराव्या पावलाला तालेवारांना पाठीमागच्या भिंतीतून आणि तळव्यांतून ते जाणवलं. खूप बारीक, मांजर गुरगुरावं तसं. कित्येक इमारतींतून ओळखीचं झालेलं. मजला उठला होता.

“चव्वेचाळीस,” आतून साहेब म्हणाले. त्यांचा आवाज पडला होता.

बाई टोकाशी धापा टाकत थांबल्या. “आणि माझं वजन छपन्न आहे, काकांचं पंचाहत्तर. त्या हिशेबाने...”

“साठ,” साहेबांनीच गणित पुरं केलं. मग जरा थांबून, सगळ्यांसमोर म्हणाले, “तुमचं गणित बरोबर होतं.”

मॅनेजर काहीतरी बोलू लागला, पत्रिका, पाहुणे, मंडप. डॉक्टरीणबाईंनी त्याला हाताने थांबवलं. “मला हे कधी कळलं असतं, सांगू? डोळ्यात पातं असताना.” त्या उठून तालेवारांपाशी आल्या. “तुम्ही सांगितलंत म्हणे.”

“हो.”

त्या त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिल्या, इतका वेळ की तालेवारांना संकोच वाटला. “माझ्याशी बोलताना तुम्ही पापणी मिटलीच नाहीत. एवढ्या वेळात दोनदा फक्त,” त्या म्हणाल्या. “डोळे कोरडे पडतात का?”

“जळजळतात थोडे.”

“अक्षर बारीक झालंय?”

तालेवारांनी मान हलवली. बँकेने सही परत पाठवली होती, महिन्यापूर्वी.

“मागे धरलेला हात दाखवा बघू.”

त्यांनी दाखवला. अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर फिरत होते, न दिसणारी गोळी वळत असल्यासारखे. डॉक्टरीणबाईंनी तो हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, तपासायला की नुसताच, ते कळलं नाही. “मी डोळ्यांची डॉक्टर आहे, हे माझं काम नाही. मी एक चिठ्ठी देते. मेंदूच्या डॉक्टरांकडे आजच जायचं. उद्या नाही. घरी कोणी आहे ना?”

“बायको आहे.”

“तिला घेऊन जा.”

कंपवात निघाला. मोठ्या डॉक्टरांनी तो शब्द उच्चारला तेव्हा तालेवारांच्या पायाखालची जमीन सरकली नाही. उलट चार महिन्यांनी ती पहिल्यांदा जागेवर आली. ज्या गोष्टीला नाव नव्हतं तिला नाव मिळालं. “जन्मभर दुसऱ्यांची कंपनं मोजली,” ते घरी येताना बायकोला म्हणाले, “आता घरचं कंपन.” तिला हसू आलं नाही. ती त्यांच्या उजव्या बाजूने चालत होती. गर्दी लागली तशी तिने पदराचं टोक बोटांना गुंडाळलं आणि दुसऱ्या हाताने त्यांचं कोपर धरलं, सोडलं नाही.

गोळ्या सुरू झाल्या. सकाळी एक, दुपारी एक, रात्री एक. पाय पुष्कळ सुधारला, पण एकशेचौदाइतका नाही, आणि आता होणारही नव्हता. साहेबांनी चालायला नवा माणूस घेतला, चाळिशीचा, पूर्वी पोस्टात वाटप करणारा. वर्ष संपेपर्यंत तालेवारांनी त्याला तयार करायचं, मग घरी बसायचं, असं ठरलं. साहेबांना हे सांगताना जड गेलं. तालेवारांना ऐकताना गेलं नाही. त्यांनी ते आधीच गच्चीवर ठशांकडून ऐकलं होतं.

हॉस्पिटलचं उद्घाटन पुढे गेलं. वर्तमानपत्रात चार ओळी आल्या, कारण दिलं होतं ‘तांत्रिक’. अडीच महिन्यांत खालच्या प्रतीक्षाकक्षाच्या छताला, मजल्याच्या तुळयांखाली, दोन मोठ्या पोलादी पेट्या स्प्रिंगांवर टांगल्या गेल्या. एकेक पेटी मोटारीच्या वजनाची. बाईंनी त्यांचं वजन आणि स्प्रिंगा इतक्या बेतून काढल्या होत्या, की मजला वर जायला निघाला की पेट्या खाली निघाव्यात आणि त्याचा जोर आपल्यात जिरवून टाकाव्यात. बसवताना बाईंची झोप उडाली होती. शंभर किलो इकडचं तिकडे झालं तर सगळी खटपट पाण्यात जाणार होती. रोज त्या तालेवारांना विचारत, “काका, होईल ना?” आणि ते रोज म्हणत, “न होऊन सांगतंय कोणाला?”

शेवटच्या चाचणीच्या दिवशी तालेवारांना चालायचंही नव्हतं आणि थाप द्यायचीही नव्हती. नव्या माणसाने ते आत्मसात केलं होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “आत या. यंत्रावरचा आकडा यांना बघू दे, आपण खरं काय ते बघू.” ऑपरेशनच्या खोलीत सूक्ष्मदर्शक बसवून झाला होता. त्यांनी त्याच्याखाली टाके घालायचा दोरा ठेवला, नुसत्या डोळ्यांना न दिसणारा, आणि तालेवारांना स्टुलावर बसवून भिंगं त्यांच्या डोळ्यांपुढे आणली.

आधी नुसता उजेड दिसला. मग तो दोरा, काळा, जाड, वेलांटीसारखा वळलेला, कडा स्वच्छ.

“चला,” बाहेर बाईंचा आवाज आला.

पावलं सुरू झाली. तालेवार मोजत नव्हते, पण त्यांना कळत होतं की चाल बरोबर आहे. पावलं दूरवरून आली, दारासमोरून गेली, टोकाशी पोचली, परत फिरली. दोरा होता तिथे होता. त्यांनी श्वास रोखून धरला होता, तो सोडला. पावलं पुन्हा समोरून गेली. दोऱ्याच्या एका टोकाला कापसाचा तंतू चिकटला होता, तोसुद्धा लवला नाही.

“सहा!” बाहेर बाई ओरडल्या. “काका, सहा!” मग साहेबांचं हसणं, कोणीतरी टाळी दिली.

“हललं का?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“नाही.” तालेवारांनी डोळे भिंगांवरून काढले नव्हते. “जराही नाही.”

दुपारच्या गोळीची वेळ टळून गेली होती. अशा वेळी बसल्या जागेवरून उठणं त्यांना सर्वांत अवघड जाई. त्यांनी दोन्ही तळवे मांड्यांवर ठेवले, पुढे झुकले, थांबले. पुन्हा झुकले. डॉक्टरीणबाईंच्या ते लक्षात आलं. त्यांनी हात पुढे केला नाही की कोणाला हाकही मारली नाही. त्या दारापाशी गेल्या, ते आतून लोटून घेतलं, आणि पाठमोऱ्या होऊन ट्रेमधली हत्यारं एकेक करून मोजत राहिल्या, तालेवार उभे राहीपर्यंत.